बियासीचं पाणी

२४ जुलै, गुरुवार
सगळं बदललं ते सहा तारखेला, सकाळी आठच्या सुमारास. बाबा धानाच्या बांधीभोवतीच्या मातीच्या धुऱ्यावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. रेल्वेतून यंदाच रिटायर झाले, म्हणून यंदा पहिल्यांदाच ही दोन एकर घरी करायला घेतली. आजवर अधियानं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, दिलेली असायची.
कॉलेजातून नाव मी स्वतः कापून आलो. वर तिथल्या कारकुनाशी भांडलोही. आई म्हणे, "सुट्टी मागायची होती, नाव काहून कापलं?" 
आज: गोठा, दूध, पंपाचा पट्टा. कोंबड्यांचं दार काल उघडं राहिलं, मुंगसानं एक नेली.
ब्राह्मणपाऱ्यातल्या रश्मीला पत्र लिहिलं, फाडलं. (यापुढे नुसतं र. लिहीन. आई वही वाचते असा संशय आहे.)

२८ जुलै, सोमवार
शेजारचे बिसाहू कका बियासीचं सांगून गेले. धान वीतभर वाढलं की इथं उभ्या पिकातच नांगर फिरवतात. तण मरतं, धान फुटतं. वाटलं, माझी मजा घेऊन राहिले. नाही, खरंच.
आपल्याकडे बैल नाहीत. ककांची जोडी पाऱ्यात, सगळ्या वस्तीत, पाळीनं फिरते. आपली पाळी शुक्रवारी.

३० जुलै, बुधवार
बाबा पलंगावरून: "शुक्रवारी नांगर आहे नं? मग पाणी काढ. माती सुकून वापसा आल्याशिवाय नांगर घालत नसतात." लहानपण वर्ध्याकडच्या कपाशीत गेलेला, रेल्वेनं इकडे आणलेला माणूस. मले पटलं. फावड्यानं दोन्ही बांध्यांचा धुरा फोडला. पाणी नाल्यात. कामावर खूश.

१ ऑगस्ट, शुक्रवार
कका बैल घेऊन आले, धुऱ्यावरच थांबले.
"पानी कहाँ हे, बाबू?"
"काढलं. वापसा यायला."
"काये?"
मी समजावलं. ते ऐकत राहिले, मग बैल वळवले. चिखलपाणी नसलं तर धान मुळासकट मोडतं म्हणे. मी ओरडलो, आधी काहून नाही सांगितलं? तर म्हणाले, "पानी बिन बियासी होथे का? एहू ला बताय बर परही?" म्हणजे हेही सांगावं लागेल का.
पाळी गेली. घरी येऊन बाबांवर तोफ. "तुमचं वर्धा वर्ध्यातच ठेवा!" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दार आपटून निघालो. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. गोठ्यात बसलो.

३ ऑगस्ट, रविवार
मोपेडनं ब्राह्मणपारा. र. देवळाच्या पायरीवर. माझं मराठी, तिचं हिंदी, नेहमीसारखं.
"अगले संडे भिलाईवाले देखने आ रहे हैं. बारह बजे. उसके पहले पापा से बात कर ले."
"काय सांगू त्यांना? कॉलेज सोडलं, धान करतो?"
"जो है वो बोल. बस चिल्लाना मत."
मी कधी चिल्लावतो? असं म्हणालो तेव्हा पुजारी वळून पाहत होता.

६ ऑगस्ट, बुधवार
आभाळ कोरडं. तण धानाच्या वर गेलं. हातानं उपटून राहिलो. बांधीचा एक कोपरा झाल्यावर कळलं, धानच उपटलं. बाबा काही विचारत नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

९ ऑगस्ट, शनिवार
काल दुपारपासून धो धो. धुरा बुजवला, बांध्या भरल्या. मग ककांच्या घरी गेलो. "कका, चुकलं माझं." एवढं बोलायला घरापासून त्यांच्या दारापर्यंत तालीम केली होती.
कका हसले. "इतवार बिहनिया आहूँ. ओखर बाद बइला मन बेटी के गाँव जाहीं."
रविवार सकाळी येतील, मग बैल लेकीच्या गावी जाणार. र. कडे जायची सकाळही नेमकी तीच. हव म्हणालो.

१० ऑगस्ट, रविवार, साडेनऊ
पहाटेपासून एक बांधी झाली. कका नांगरावर, मी मागून उपटलेली रोपं परत चिखलात दाबत. दुसरी बाकी. चहाला घरी आलोय.
बाबांनी आठवड्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.
"पाणी किती?"
"घोट्याच्या वर."
"अन् वापसा?"
"इथं लागत नाही, बाबा."
छताकडे पाहत म्हणाले, "मले तरी कुठं माहीत होतं रे." मग: "तुले ब्राह्मणपाऱ्यात जायचं आहे नं? जाय. रोपं तुझी आई दाबेल."
म्हणजे वही वाचतेच. चुलीपाशी आई पाठमोरी, कान इकडे. तिचे गुडघे पायरी चढताना वाजतात, चिखलात काय बसेल ती.
दुसरी बांधी लहान, अकरापर्यंत होईल. रस्ता तासाभराचा, पावसानं खड्डे वेगळे. बारा.
इस्त्रीचा शर्ट पिशवीत घातला. धुऱ्यावरच्या बाभळीला टांगीन, तिथूनच निघेन. पाय धुवायला वेळ मिळाला तर ठीक, नाही तर जो है वो.
बाहेरून कका: "चल बाबू, बइला ठाढ़े हे!"
बाबांचा डोळा लागलाय. दार हळूच ओढून घेतो.