समोरची खुर्ची

खामगाव, गुरुवार, दिवेलागण

आज दादा दुकानात आला. सख्खा मोठा भाऊ. वावरातली शेती सोडून मी ब्रश धरला, तेव्हापासून माझ्याशी बोलतो ते भिंतीकडे बघून. आणि आज स्वतःहून म्हणाला, "माह्यं चित्र काढ. हॉलमधी लावाचं हाये."

मी येड्यासारखा खुर्ची पुसायला लागलो. लोक विचारतात, दुसऱ्यांचेच चेहरे काऊन काढतं? मी कलेची सेवा वगैरे सांगतो. खोटं आहे सगळं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला माझ्याकडे बघावंच लागतं, म्हणून काढतो. नजर हलली तर रागावताही येतं. एवढ्यासाठी आयुष्य घातलं? हो, एवढ्यासाठीच.

दादा बसलाच नाही. "मले टाईम नाही बे. मोबाईलवर फोटो टाकतो, पाहून काढ." हेही दाराकडे बघत.

फोटो आत्ता आला. त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा, काळा गॉगल घातलेला. मी लगेच फोन केला. "दादा, याच्यात डोळेच दिसून नाही राह्यले."

"मंग काय झालं? मले गॉगलसकटच पाह्यजे."

पुसलेली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.