बिनआवाजी पियानोचा टच

१४ ऑक्टोबर १९९६
आजपासून मी पियानिस्ट. वाईतला हार्मोनियमचा क्लास कायमचा बंद. महाबळेश्वरच्या हॉटेलमालक हंबीररावांना दिवाळी सीझनला लाउंजमध्ये पियानोवाला हवाय. पियानो दोन: जुना साधा, आणि ट्रायलवर आलेला नवा सायलेंट. त्याचं बटण दाबलं की हातोड्या तारांना लागत नाहीत, सूर फक्त हेडफोनमध्ये. कुठला ठेवायचा ते माझ्या मतावर ठरणार! बायको आम्रपाली म्हणाली, आवं, पियानो कवा बघितलाय तरी का? मी म्हणालो, पट्ट्या त्याच की. काळ्या-पांढऱ्या.

१५ ऑक्टोबर, दुपार
जुना वाजवला. पट्ट्यांचा टच फार जड. पावसाळ्यात लाकूड फुगलंय, दाबलेल्या पट्ट्या वर यायचं नाव घेत नाहीत. शिवाय पट्टी धरून ठेवली तरी सूर विझतो! यंत्रात दम नाही. डावा हात सारखा भाता मारायला पुढे जातो आणि फळीवर आपटतो. बोटं सोलली. वैताग.

१६ ऑक्टोबर
नाश्त्याच्या वेळी जुनाच वाजवला. टेबलं भराभर रिकामी झाली. हवा छान होती, फिरायला गेले असतील. हंबीररावांनी स्वतः सायलेंटचा हेडफोन आणून दिला. माणूस रसिक आहे.

१७ ऑक्टोबर
सायलेंट. टच हलका, पण शेवटी हातोडी अडते तिथे बोटाला पोकळ लागतं. हेडफोनमध्ये माझं वाजवणं फार स्पष्ट ऐकू येतं. हेडफोन खराब आहे. आवाज शून्यावर आणला, मग कुठे हात मोकळा सुटला. डोळे मिटून, डोलत वाजवलं. उघडले तर हंबीरराव दारात, खूश.

१८ ऑक्टोबर
नोकरी पक्की! मास्तर, मान लय झ्याक हालवता, हंबीरराव म्हणाले. सायलेंटच ठेवणार. मी टचमधला फरक समजावू लागलो, तर म्हणाले, टचचं ऱ्हाऊ द्या, कोट शिवून घ्या.

१९ ऑक्टोबर, रात्री
पहिला कार्यक्रम. कोट काखेत काचतो. पियानोचा आवाज बंद. मॅनेजर नानासोंनी मागे कॅसेट लावली. म्हणे, तुमी फक्त बोटं हालवा. चिडलो, पण हालवली. मधेच मला शिंक आली. दोन्ही हात तोंडावर. पियानो वाजतच राहिला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या पडल्या, त्याच मनाला जास्त लागल्या.

पीसीओवरून घरी फोन केला. उद्या क्लासची सगळी पोरं घेऊन ऐकायला येते, आम्रपाली म्हणाली, लय हरखलीत.

नको म्हणायला तोंड उघडलं. या म्हणालो.