अ, ब, क आणि कोंडाबाईचा बांड्या

१२ जानेवारी १९६१, भूम
वरून तक्ते आले, गठ्ठाच्या गठ्ठा. तालुक्यातल्या प्रत्येक बोकडाचं गाव, मालक, उंची, कान, शिंगं, रंग आणि शेवटी वर्ग. अ म्हणजे शुद्ध, सर्वांग काळा. ब म्हणजे कानावर ठिपके असले तरी चालेल. क म्हणजे गावठी. सोबत परिपत्रक: क वर्गाचे बोकड फेब्रुवारीअखेर खच्ची करावेत, म्हणजे जिल्ह्याच्या जातीत भेसळ राहणार नाही.
करायचं कुणी? गुरांच्या दवाखान्यात माणसं दोन, मी आणि ड्रेसर बाबूमियाँ. खुरकुताची गुरं दारात उभी आहेत ती वेगळीच.

१६ जानेवारी
पहिल्याच वस्तीवर अडलो. एका वेतातले दोन बोकड, दीड वर्षाचे. एक कोळशासारखा, दुसऱ्याच्या पोटावर पांढरा पट्टा. आई एक, बाप एक. तक्त्याप्रमाणे एक अ, एक क.
बाबूमियाँ टेप गुंडाळत म्हणाला, "एकाच आईच्या पोटचे साब. एक अव्वल, एक फेल. म्हणजे आई अर्धी गावठी का?"
हसलो. तक्ता भरताना हसू येईना. तांबूस बोकडाला तर जागाच नाही. 'इतर' असा रकाना ठेवायला काय झालं होतं? (ठेवला असता तर मी निम्मे त्यातच ढकलले असते. तेही खरं.)

२३ जानेवारी
माळावर कोंडाबाईची वस्ती. बाई पन्नाशीपुढची, एकटी, शेळ्यांवर पोट. तिचा बोकड बांड्या: निम्मा काळा, निम्मा पांढरा, कान चट्ट्यापट्ट्यांचे. आठवडाभरात पाहिलेलं सगळ्यात चांगलं जनावर. छाती रुंद, पाय सरळ. आसपासच्या तीन वस्त्यांच्या शेळ्या याच्याकडंच येतात.
"काय लिवलं सायेब?"
"क."
"म्हंजी?"
सांगितलं. खच्ची करावा लागेल हेही सांगितलं. बांड्याच्या मानेवरून हात फिरवला तिनं. मग, "त्याच्या पोटची करडं बघा की. जुळ्याबिगर शेळी वीत न्हाय. ते कुठं लिवायचं?"
म्हटलं, तसा रकाना नाही.
"मंग शिंगं कशापायी मोजता? शिंगाचं कालवण करत्यात व्हय?"
बाबूमियाँनं तोंड फिरवलं. मी सांगून पाहिलं की सरकार बदली काळा बोकड देईल.
"गेल्या साली पल्याडच्या वस्तीला दिलता की. माळावर चालंना. सावलीला बसून पाला मागायचा, जावयावानी."
निघताना विचारलं तिनं, "काळा तेवढाच खरा, हे ठरवलं कुणी?"
म्हणालो, संशोधन झालंय मावशी. मोजून ठरवलंय.
मान हलवली तिनं. पटल्याची नव्हे.

२४ जानेवारी
कपाटातून जातीची पुस्तिका काढली. सातव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: वर्णन भूमच्या बाजारात मोजलेल्या जनावरांवरून. मापं घेणारा म्हणून माझं नाव. विसरलो होतो असं नाही, उगाच खोटं कशाला लिहू. छापून आली तेव्हा एक प्रत सासऱ्यांना पाठवली होती. आपली प्रत सौ.नं खाकी कव्हर घालून ठेवलीय, पोरांच्या क्रमिक पुस्तकांसारखी.
कोंडाबाईला सरळ सांगायला हवं होतं: मावशी, मी ठरवलं. निदान मोजलं तरी मीच.
पण मापं चोख आहेत. एकेक दोनदा घेतलेलं. मग खटकतंय काय?

३१ जानेवारी
बाजार. मनाच्या समाधानासाठी शेळ्यांच्या बाजूला चक्कर मारली. काळंच काळं. बरं वाटलं. बाबूमियाँला म्हटलं, बघ, पुस्तिकेत आहे तसंच आहे.
तो म्हणाला, "हितं काळंच दिसणार साब. बांडं घेतंय कोण? नवसाला एकरंगी लागतं. बांडं घरी राहतं. आन् तुम्ही मोजलं तवा तर दसऱ्याचा बाजार होता."
तिथंच उभा राहिलो. कुणीतरी शेळी ओढत नेताना पायावरून दोर गेला तरी हललो नाही.
दसऱ्याआधीचे चार बाजार. तेव्हाच का मोजलं? एका जागी पुष्कळ जनावरं, चिंचेची सावली, शेजारी चहा. माळ तुडवायचा कंटाळा. दुसरं कारण नाही. म्हणजे मी मोजली ती जिल्ह्याची शेळी नव्हेच. देवीसाठी लोकांनी निवडून आणलेली शेळी मोजली आणि जात म्हणून लिहून दिली.
संताप याचा की मला हे ठाऊक होतं. आजोळी नवसाचा बोकड घेताना आजोबा त्याच्या पोटाखाली हात घालून पांढरा केस शोधायचे, ते मी शेजारी बसून पाहिलंय. हैदराबादेत चार वर्षं शिकून आलो, हातात टेप आला आणि आजोबा आठवले नाहीत.

९ फेब्रुवारी
आठ दिवस दवाखाना सांभाळून वस्त्या. निवड करायची नाही. दावणीला असेल ते प्रत्येक जनावर लिहायचं. बांडी, तांबूस, चट्ट्याची, पांढऱ्या कानाची. काळीही पुष्कळ आहेत, ते नाकारत नाही. कदाचित काळा हाच या जातीचा मुख्य रंग असेल. पण काळं नाही ती भेसळ, हे माझ्या मापांवरून कुणालाच म्हणता येणार नाही.
मधेच शंका आली. आता मला बांडीच दिसायला लागली आहेत का? बांड्या वाचावा असं वाटतंय म्हणून? मग कालपासून बाबूमियाँकडं टेप दिला, मी पाठ करून बसलो, तो ओरडेल ते लिहिलं. तिसऱ्या वस्तीवर तो कावला. "साब, तुम्ही बघितलं म्हणून शेळी रंग बदलत नाही. वळा इकडं, मान दुखंल."

११ फेब्रुवारी
पत्र. जिल्ह्याच्या साहेबांना. तीनदा फाडलं. पहिल्यात लिहिलं होतं, 'नमुना घेताना काही मर्यादा राहिल्या असाव्यात.' असाव्यात! चिंचेच्या सावलीला मर्यादा म्हणायचं. शेवटी साधं लिहिलं: मोजणी नवसाच्या बाजारात केली, चूक माझी, वर्णन मागं घ्यावं, फेरमोजणी होईपर्यंत खच्चीकरण थांबवावं.
सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, "आयुष्यात एवढं एकच छापून आलं तुमचं. तेही परत देताय?"
भांडी आवरून परत आली. "द्या पाठवून. बाबांना मी सांगते."

२२ फेब्रुवारी
उत्तर आलं. वर्णन मंजूर झालेलं असल्याने फेरविचाराचं कारण दिसत नाही. आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. क वर्गाचं काम मुदतीत पुरं करावं. ६ मार्चला साहेब स्वतः पाहणीस येतील.
माझीही नोंद झाली म्हणायची. कुठल्या वर्गात, ते कळवलेलं नाही.
रागानं पत्र चुरगाळलं. मग सरळ करून फायलीला लावलं. माझा राग एवढ्यापुरताच.

२७ फेब्रुवारी
खच्चीचा चिमटा घेऊन निघालो. इतर क बोकडांचं पुढं बघू, पण हिला टाळलं तर तोंड लपवल्यासारखं होईल म्हणून आधी कोंडाबाईच. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो.
वस्तीवर बांड्या काळाभोर. शेपटीपासून खुरापर्यंत. तव्याची काजळी आणि करडईचं तेल. पापण्या तेवढ्या पांढऱ्या राहिल्या होत्या.
कोंडाबाई गंभीर. "उन्हानं रापलाय सायेब."
"मावशी."
"लिवा की. अ लिवा. काळा हाय न्हवं?"
पाठीवर हात ठेवला, बाही कोपरापर्यंत भरली. बाबूमियाँ बोकडाभोवती हळूहळू फिरून आला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. म्हणाला, "साब, अव्वल."
मी सांगितलं, मावशी, हे मला अ लिहिता येणार नाही.
तिचा आवाज बदलला. "बाजारातल्या काळ्यांची कातडी घासून बघितली व्हती का तुमी? माझ्याच बोकडाला एवढं बारीक कशापायी बघता?"
तक्ता काढला. लिहिलं: 'रंग: पाहणीच्या वेळी काळा.' वर्गाचा रकाना मोकळा सोडला. शब्द न् शब्द खरा आहे. पुस्तिकेतलाही शब्द न् शब्द खराच होता.
मग बाबूमियाँला म्हटलं, चिमटा काढ. त्यानं पेटी उपसली. बराच वेळ. "साब, चिमट्याचा खिळा कुठं पडला वाटतं. त्याबिगर चिमटा आवळणार नाही." एवढ्या वर्षांत त्याची साधी सुई हरवलेली मला आठवत नाही.
मी शोधायला सांगितलं नाही. हे इथं लिहून ठेवतो.

५ मार्च
सौ.नं सदऱ्याची बाही तीनदा साबण लावून धुतली. करडी राहिलीच. "उद्या साहेबांपुढं दुसरा घाला."
कोंडाबाईचा निरोप आला: बांड्या कुंपणाला घासतोय, खांदा पांढरा पडलाय, आणखी काजळी लावू का? कळवलं, लावू नका. त्याच्यापासून झालेली करडं मात्र सगळी बांधून ठेवा, साहेबांना दाखवायचीत, एकही कुठं पाठवू नका. वस्त्यांवर केलेली नवी यादी पुन्हा तपासली. दोन ठिकाणी माझीच चूक निघाली, एक बांड्याच्या बाजूनं, एक विरुद्ध. दोन्ही दुरुस्त केल्या.
बाबूमियाँची पेटी माझ्या टेबलावर आहे. खिळा त्यातच असणार. उघडली नाही. साहेबांनी मागितला तर उघडावी लागेल, आणि सापडला तर चिमटा माझ्याच हातात येईल.
आधी वस्ती दाखवायची, बाजार नाही. जीप ओढ्यापर्यंतच जाते. पुढं कोसभर माळ, सावली नाही, चहा नाही. साहेब चालतील का, कोण जाणे. मीही तेव्हा चाललो नव्हतो.