समासात दोघींचे अभिप्राय असलेले पुस्तक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी सार्वजनिक वाचनालयात पुस्तकबांधणीच्या कामावर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे घर माझ्या नणंदेने हयातभर वापरावे, तिच्यानंतर ते माझ्या एकुलत्या एक लेकीचे. नणंद म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांची धाकटी बहीण, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. एकोणसत्तर वर्षांची झाली तरी घरात ती बारकीच. लेकीला विचारले तर म्हणाली, "आई, यात विचारायचं काय? आत्या दुसरीकडे कुठे जाणार?" तरी पुढे कोणी फाटे फोडू नयेत म्हणून लेखी.

२. पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभणे, कात्र्या वाचनालयात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्याव्यात. त्या शिवण घाईने घालतात. हे त्यांना तोंडावर सांगून झाले आहे.

३. आता पुस्तक. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणले तेव्हा त्याला पुठ्ठा नव्हता आणि पहिली पाने गहाळ होती, त्यामुळे लेखिकेचे नाव आजतागायत ठाऊक नाही. एकटी बाई बोटीने, रेल्वेने फिरते आणि जिथे जाते तिथे काय खाल्ले ते लिहिते. यजमान जाऊन तेव्हा वर्ष झाले होते आणि बारकीशी माझा अबोला होता. त्यांच्या शेवटच्या आजारात ती चार पाहुण्यांदेखत म्हणाली होती, "वहिनीने दादाला उपाशी ठेवलं." ते माझ्या जिव्हारी लागले होते.

पुस्तक बांधून झाल्यावर वाचनालयाच्या मासिक पत्रकात मी परीक्षण लिहिले: 'बाईंना भूक कळते, नकाशा कळत नाही. वाचावे, पण जेवून.' ते वाचून बारकी वाचनालयात आली आणि माझ्याकडे न बघता काउंटरवर म्हणाली, "ते खाण्यापिण्याचं पुस्तक मिळेल का?" पुस्तक माझे स्वतःचे, तरी दिले. आठवड्याने परत आले, तर समासात पेन्सिलीने लिहिलेले: 'परीक्षण एकांगी. बंदराचं प्रकरण यांनी नुसतं चाळलंय.' मला राग आला. खाली उत्तर लिहून मी पुस्तक पुन्हा पाठवले. असे दीड वर्ष चालले. तोंडाने अवाक्षर नाही. समास भरले तेव्हा मी मध्ये कोरी पाने शिवून घातली.

बंदराच्या प्रकरणात लेखिका एका आजारी खलाशाला सूप भरवू बघते. तो तोंड फिरवतो. मग ती वाटी खाली ठेवते आणि त्याच्याजवळ नुसती बसून राहते. एकदा पुस्तक परत आले, तेव्हा त्या पानाशी बारकीने लिहिले होते: 'वहिनी, परवा डॉक्टरांना विचारलं. दादाला गिळवतच नव्हतं. तू नुसती बसून होतीस ते मी पाहिलं होतं. माझं चुकलं.'

मी खाली काही लिहिले नाही. पुस्तक काखोटीला मारले आणि तडक तिच्या खोलीवर गेले. तिने दार उघडले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, "जेवलीस?"

महिन्याभरात ती तिच्या दोन ट्रंका घेऊन माझ्याकडे राहायला आली.

हे पुस्तक बारकीचे. जावईबापूंनी एकदा त्यावर गरम पातेले ठेवले होते. त्यांना माफ केले आहे, पण नोंद असावी.

४. बँकेतल्या ठेवीतून लेकीने आत्याला पुस्तकातल्या त्या बंदरावर घेऊन जावे. दोघींनी तिथे पोटभर जेवावे आणि खरा अभिप्राय लिहावा. वाईट असेल तर वाईट म्हणावे, माझी भीड धरू नये. उरलेली ठेव लेकीची.

५. मसुदा आज बारकीला वाचून दाखवला. चष्मा पुसत ती म्हणाली, "सगळं नीट लिहिलंस. एक राहिलं. वहिनी इतक्यात कुठे जाणार नाही, असं एक कलम घाल." वकील म्हणाले, असे कलम घालता येत नाही. तिच्या हट्टाखातर घातले आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: १२ मार्च, सकाळी साडेदहा

(सही) लिहून ठेवणारी

आमच्यासमक्ष सही केली:
(सही) शेजारचे घड्याळजी
(सही) कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई