तुझ्या आवाजात टँकरची घोषणा

आई,

आठ-दहा दिवसांपूर्वी मी एक वात्रटपणा केला आणि तो आता निम्म्या महाराष्ट्राने पाहिलाय. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत आठवड्यात तिसऱ्यांदा पाण्याचा टँकर रखडला. बाल्कन्यांमधून आरडाओरडा चालला होता, सेक्रेटरी फोन उचलत नव्हते, आणि मी हातातलं लाटणं तोंडासमोर धरून सुरू केलं, "रहिवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कात्रजमार्गे येणारा टँकर थोड्याच वेळात बी विंगच्या फलाटावर लागत आहे. रहिवाशांनी आपापल्या बादल्यांसह तयार राहावे." थेट तू एसटी स्टँडवर करायचीस तशी घोषणा. माझ्या लेकीने ते मोबाइलवर टिपलं आणि इन्स्टाग्रामवर टाकलं. मी म्हटलं, टाक, बघणार कोण? खरं तर मला स्वतःलाच खात्री नव्हती की तो तुझा आवाज आहे. तू जाऊन एकवीस वर्षं झाली. फोटो आहेत, साड्या आहेत, तुझा आवाज मात्र कुठेच नाही, आणि हल्ली तो डोक्यातही नीट वाजत नव्हता. आपण आईचा आवाज विसरलो, हे मी कुणाजवळ बोललेही नव्हते.

सकाळी उठते तर लेक ओरडतेय, "आई, अगं व्हायरल झालीस तू!" ऑफिसात साहेबांनी माझ्याकडून मीटिंग 'लागल्याची' घोषणा करून घेतली. एका पुणेकराने लिहिलं, "काकू, आवाज उत्तम. टँकर आला का, तेवढं सांगायचं राहिलं." दोन दिवस मी नुसती हसत होते. मग कुणीतरी लिहिलं, "अहो, हा तर स्टँडवरच्या बाईंचा आवाज!" आणि मग माणसांची रीघच लागली. तेव्हा अकोल्याहून इथे शिकायला आलेला एक जण लिहितो, दिवाळीत घरी जायची गाडी लागल्याचं या बाईंनी सांगितलं की मी तिथेच निम्मा घरी पोचायचो. एक बाई परदेशातून लिहितात, नवं लग्न झालं होतं, माहेरच्या गावाचं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळावं म्हणून मी भाजीच्या निमित्ताने स्टँडवरून वळसा घालून जायचे. आई, यातल्या एकाही माणसाचा चेहरा तू पाहिला नव्हतास गं! चौकशी खिडकीच्या मागची तुझी ती कोंदट खोली, तिथून फलाट दिसायचाच नाही. शाळा सुटली की मी तिथे गृहपाठ करत बसते. माईकवर तुझा धुतलेला रुमाल, डबा उघडा, आणि घास पुरता गिळल्याशिवाय तू बटण दाबत नाहीस. मी विचारते, "एवढं कोण ऐकतं गं?" तू म्हणतेस, "कोणी नाही. गाडी लागली की पळतात सगळे. तू पाढे म्हण." अगं, सगळे ऐकत होते. मी वाचत बसले होते, आणि समोर चहाचं पार पाणी झालं होतं.

त्यातच एका निवृत्त कंडक्टरांनी लिहिलं, "ताई, नक्कल झकास. पण एक चूक आहे. बाई गावाचं नाव घेण्याआधी श्वास घ्यायच्या. तुम्ही घेतला नाहीत. मी एकदा विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, नाव मधेच तुटलेलं बरं दिसत नाही हो, कुणाचं तरी घर असतं तिथं." मी चाटच पडले. मला हे तू कधी सांगितलं नव्हतंस. स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं, पंखा बंद केला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पुण्याहून," इथे थांबले, श्वास घेतला, आणि "बार्शी" म्हणाले. ती तू होतीस. ओट्याला धरून मी विटा, तासगाव, अकलूज, आठवतील तेवढी गावं घेत गेले, प्रत्येकाआधी थांबून, आणि प्रत्येक वेळी तू येत होतीस. लेकीने बाहेरून विचारलं, "आई, कोणाशी बोलतेयस?" मी पंखा लावला आणि दार उघडलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून जमतंय लिहायला. काल लेक म्हणाली, "आजीच्या आवाजाची एखादी तरी कॅसेट असायला हवी होती ना?" मी नुसती मान हलवली. तिला सांगितलं नाही, ते तुला सांगते. टेपरेकॉर्डर होता आपल्याकडे. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी त्यावर टेप करायचे, आणि आतून मधेच तुझा आवाज यायचा, "दूध बघ गं जरा," "जेवायला ये, पानं घेतलीत." मी वैतागून टेप मागे फिरवायचे, तेवढंच पुसून टाकायचे आणि पुन्हा माझं भाषण भरायचे. त्या कॅसेट अजून माझ्याकडे आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीच बोलतेय.