हाकेचा रविवार

नगर,
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय हेमलता हिस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

पाकिटावर स्वतःचं नाव पाहून तुला नवल वाटेल. एरवी माझं पत्र नाताळात येतं, तेही उपेंद्ररावांच्या नावे, आणि शेवटी 'हेमलतालाही सलाम' एवढी ओळ. आता ते प्रभूच्या घरी गेले, तेव्हा पत्र तुलाच लिहायला हवं. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनानं जुळवते आणि त्यातून भांडणं होतात.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नाताळपर्यंत प्रवास बंद असं डॉक्टरांनी बजावलंय. शेजारची गौरी डबा देते. मीठ कमी असतं, पण फुकटच्या डब्याला नावं ठेवू नयेत.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात तुमच्या मंडळीत हाकेचा रविवार येईल. आम्ही बहिणी तिथेच बंगळुरात, चामराजपेटेत वाढलो, तेव्हा ती रीत माझ्या अंगात मुरलेली आहे. आजोबा सांगत की प्लेगात आपली मराठी माणसं परक्या गावात गेली, कित्येकांची थडगीही राहिली नाहीत, म्हणून ही हाक सुरू झाली. पाळकांनी गेलेल्याचं नाव घ्यायचं, घरच्या कुणीतरी उभं राहून नातं सांगायचं आणि 'प्रभूजवळ आहे' अशी ओ द्यायची. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर पुढल्या वर्षापासून ते नाव घ्यायचं नाही. त्या तिसऱ्या हाकेची मला लहानपणी फार भीती वाटायची.

माझी बहीण आसावरी गेली त्या सालापासून उपेंद्ररावांनी तिची ओ एकदाही चुकवली नाही. यंदा कोण देणार? तिला मूलबाळ नाही, आईवडील गेले, मी इथे खाटेवर. नगरात सगळ्या थोरल्या बहिणी ताई असतात, पण माझी ती अक्का होती. तिच्यानंतर हा शब्द मी कुणालाही लावलेला नाही. तिचं नाव थांबू नये एवढंच मागणं आहे. तू ओ देशील का?

लोभ आहे असं मी धरून चालते. तो किती, ते तुझ्या उत्तरावरून कळेल.

तुझी,
वसुमती


मल्लेश्वरम, बंगळूर,
२२ सप्टेंबर २०२४

ती. वसुमतीबाई यांस,

सा. सलाम वि. वि.

पत्र मिळालं. गुडघा स्वल्प जपा. मिरजेच्या इस्पितळात आणि इथे मिळून मी जन्मभर परिचारिकेचं काम केलंय, म्हणून सांगते: दुखलं तरी व्यायाम सोडू नका आणि मांडी घालून बसू नका. पुष्कर आणि सूनबाई अमृता बरे आहेत. दोघंही दिवसभर घरातूनच ऑफिस करतात, त्यामुळे मला माझ्याच घरात कुजबुजत वावरावं लागतं.

तुमच्या मागण्याला माझं उत्तर नाही असं आहे.

एका माणसानं एकाच नावाला ओ द्यायची, हाही नियम तुम्हाला ठाऊक असेलच. यंदा ह्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जाणार आहे. 'माझे पती, प्रभूजवळ आहेत,' हे वाक्य मी देणार आहे आणि ते दुसऱ्या कुणासाठी सोडणार नाही. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी मी ह्यांच्या शेजारी बसून ऐकलं, 'माझी पत्नी, प्रभूजवळ आहे.' पत्नी प्रभूजवळ, तर मग ह्यांच्याजवळ बसलेली मी कोण? शेवटची काही वर्षं ह्यांचे गुडघे साथ देईनात, तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर हात रोवून ते उठायचे. भार माझ्यावर आणि ओ तिला. तेवढं एक वाक्य म्हणताना ह्यांचा आवाज दर वर्षी कापायचा, आणि तो कापतो की नाही हे ऐकायला मी कान देऊन बसायची. आवाज कापला की घरी येऊन मी भांडी आपटायची.

तुम्हाला वाटेल, मेलेल्या माणसाचा कसला मत्सर. जिवंत असती तर कधीतरी भांडून मोकळी झाले असते. ती सव्वीस वर्षांचीच राहिली, माझे मात्र दात काढून झाले. ती ज्या बाजाच्या पेटीवर गायची, तिच्यावर तिचा फोटो आहे, तो दर शनिवारी मीच पुसते. मंडळीतल्या बायका अजून नाताळच्या फराळाला माझी करंजी तोंडात ठेवतात आणि म्हणतात, आसावरीच्या करंज्या काय असायच्या. गाणं तिचं, करंज्या तिच्या, नवराही निम्मा तिचाच.

शिवाय उभं राहून मी नातं काय सांगू? सवत? चर्चमध्ये हा शब्द काढला तर पाळकसाहेब चक्कर येऊन पडतील.

तिचं नाव थांबलं तर मला वाईट वाटणार नाही. तुम्ही शिक्षिका होता, तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

राग येईल तो येऊ द्या, पण त्यातून थोडा लोभ बाजूला काढून ठेवावा.

आपली,
हेमलता


नगर,
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय हेमलता हिस,

सप्रेम सलाम वि. वि.

आधी शुद्धलेखन. मराठीत 'स्वल्प' विरामापुरताच उरलाय. गुडघा 'थोडा' जपायचा असतो. इतकी वर्षं कन्नड मुलखात राहून तुझी मराठी बिघडली आणि सुधारायला मी तिथे नव्हते.

पत्र वाचून संतापले. मग पुन्हा वाचलं, तेव्हा तुझा हेवा वाटला. हेव्याचीच गोष्ट निघाली आहे तर रांगेत माझा नंबर तुझ्या आधी लागतो. अक्का गेल्यावर मंडळीत उपेंद्ररावांसाठी माझंच नाव निघालं होतं. माझी ना नव्हती. कुणी विचारलं नाही म्हणून हे मी आजवर बोलले नाही. त्यांनीच नको म्हटलं. वसुमतीकडे पाहिलं की आसावरी दिसेल, असं ते माझ्या वडिलांना म्हणाले. मग ते मिरजेला गेले आणि तुला करून आणलं. मी नगरला शाळेत नोकरी धरली. अक्काला तीन वर्षं मिळाली, तुला एकेचाळीस मिळाली आणि मला त्यांच्या नाताळच्या पत्रातली दोन ओळींची खुशाली. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला म्हणून तू भांडी आपटायचीस. असा हात खांद्यावर पडावा म्हणून मी काय दिलं नसतं.

आणि करंज्यांचं ऐक. अक्काच्या करंज्या तेलात फुटायच्या. मंडळीनं खाल्ल्या त्या आमच्या आईच्या हातच्या. अक्का फक्त डबा घेऊन चर्चला जायची आणि कौतुक झालं की हसायची. ती तशी लबाडच होती. मला रागे भरताना मात्र अगदी मास्तरीण व्हायची.

तुझं वाक्य तू दे, तो तुझा हक्क आहे. मी पुन्हा विचारणार नाही. फक्त त्या रविवारी चार वाजता मी इथे खिडकीशी बसून असेन, हे लक्षात असू दे.

लोभ आहेच. माझा हेवाही आता तुला कळला, तोही गोड मानून घ्यावा.

तुझी,
वसुमती


मल्लेश्वरम, बंगळूर,
४ नोव्हेंबर २०२४

ती. वसुमतीबाई यांस,

सा. सलाम वि. वि.

करंज्यांचं हे तुम्ही माझ्या लग्नात सांगितलं असतं, तर माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. पत्र वाचून मी पेटीपाशी गेले आणि त्या फोटोकडे नीट पाहिलं. हसणं खरंच लबाड आहे. आजवर मी ते गर्वाचं समजत होते.

तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत ते वाचून, खरं सांगायचं तर आधी रागच आला. म्हणजे माझ्याकडे पाहून ह्यांना कुणीच आठवणार नव्हतं, म्हणून मला केलं. अमृताला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली की आई, म्हणजे तुमच्याकडे पाहिल्यावर त्यांना तुम्हीच दिसत होतात. पुण्याच्या मुली फार बोलतात, पण कधी कधी बरं बोलतात.

कालचा रविवार सांगते. ह्यांनी म्हैसूरहून आणलेली राखी रेशमी साडी नेसले होते. सकाळपासून वाक्य घोकत होते. कन्नड उपासना सुटायला उशीर झाला, मग आपली मराठी माणसं आत गेली. हल्ली पुढचे चारच बाक भरतात. प्लेगातल्या नावांपासून सुरुवात झाली. रघुपती मास्तरांच्या नावाला यंदा त्यांचा विराट उभा राहिला. 'माझे खापर' इथवर येऊन तो अडकला आणि मागून त्याच्या आईनं पणजोबा पुरवले. सगळे हसले, मीही हसले.

मग पाळकसाहेबांनी आसावरी उपेंद्र शेलार अशी हाक मारली. मी हलले नाही. मुद्दाम हलले नाही, हे लपवत नाही. दुसरी हाक झाली. पुष्करनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. तुम्ही खिडकीशी बसला असाल हे मनात आलं आणि तुमचाही राग आला. दर वर्षी या हाकेला माझ्या डाव्या खांद्यावर हात पडायचा. कालही खांदा आपसूक ताठ झाला, भार घ्यायला. भार आला नाही. ते गेले आहेत हे मला दफनाच्या दिवशी कळलं नव्हतं इतकं तिथे कळलं. तिसरी हाक संपली तेव्हा मी उभी होते.

उभं राहिल्यावर नातं सांगावं लागतं. सगळे वळून बघत होते. सवत हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तोंडातून निघालं ते असं, की माझी अक्का, प्रभूजवळ आहे. आवाज कापला. कापायला नको होता.

तुमचा शब्द मी न विचारता वापरला. इथे आम्ही भाजीवालीलाही अक्का म्हणतो, त्यामुळे जिभेवर असतो, असं म्हणून सुटता येईल. पण तो तुमच्याच पत्रातून आला, हे मला ठाऊक आहे. माझ्या सुनेहून लहान पोरीला मी भर चर्चमध्ये अक्का म्हणून आले.

शेवटी ह्यांचं नाव आलं. माझी ओ देऊन संपली होती. पुष्कर उठला आणि माझे पप्पा, प्रभूजवळ आहेत, असं छान खणखणीत म्हणाला. त्या वेळी मला पोटच्या पोराचा मत्सर वाटला. माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. घरी येऊन रडले, भांडी मात्र आपटली नाहीत.

तुमच्या बहिणीचं नाव पुढल्या वर्षी घेतलं जाईल. मी चांगली बाई आहे असं मात्र कुणाला सांगत सुटू नका. ती खांद्याची सवय होती.

लोभ ठेवावा. शब्दाचा राग आला असेल तर तोही पत्रानं कळवावा.

आपली,
हेमलता


नगर,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमलता हिस,

सप्रेम सलाम वि. वि.

राग आला. पत्र मिटून उशीखाली ठेवलं आणि गौरीचा डबा तसाच परत पाठवला. घर घेतलंस, माणूस घेतलास, एकेचाळीस वर्षं घेतलीस. माझ्याकडे एवढा एक शब्द होता, तोही उचललास. त्या वेळी तू समोर असतीस, तर या वयात मी तुझी वेणी ओढली असती.

डबा परत आला म्हणून गौरी काळजीनं पाहायला आली आणि काय झालं विचारू लागली. मी म्हटलं की बंगळूरला माझ्या अक्काचं नाव घेतलं. तिनं विचारलं, कोण अक्का? मी सांगू लागले, ती करंज्यांपर्यंत पोचले आणि अंधार पडला तरी थांबले नाही. गौरी गेल्यावर कळलं की इतकी वर्षं अक्काबद्दल मी कुणाशी बोललेच नव्हते. शब्द जपून ठेवला होता, पण वापरलाच नव्हता. माझ्यानंतर तिला अक्का म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. आता तू आहेस.

तेव्हा शब्द परत मागत नाही. पुढल्या वर्षी गुडघा धरून कर्नाटक एक्सप्रेसनं येते. पुष्करला स्टेशनवर पाठव. अक्काला ओ मी देईन, म्हणजे तुझं वाक्य तुला बोलता येईल. मला उठताना आधार लागेल. तुझ्या डाव्या हाताला बसेन.

आणखी एक. इकडे हाकेची रीत नाही. मी गेल्यावर नगरात माझं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही. मी मूळची तुमच्याच मंडळीची, तेव्हा वेळ येईल त्या वर्षी पाळकसाहेबांना तिथे माझी हाक मारायला सांग. अमृतालाही आतापासून बाकावर बसवत जा, आपल्या घरची नावं वाढणार आहेत. माझ्या नावाला मात्र तू उभी राहा. नातं काय सांगायचं असा प्रश्न या खेपेला पडू नये. अक्का थोरली, तू शेंडेफळ. अहो-जाहो आता पुरे.

लोभ वाढव म्हणत नाही. भांडत राहा, म्हणजे पत्रं येत राहतील.

तुझी,
मधली