तंबूतली चार रोपं

दि. ९ मार्च, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. तुम्हा तिघांचंही बरं असेल, असं धरून चालतो.

पत्राचं कारण पंखा. हसू नकोस. कारखान्यांत हवेचे पाइप बसवण्यात तुझी वीस वर्षं गेली, आणि मी दुकानदाराच्या नादी लागून तीन पंखे घेऊन बसलोय.

आमच्या घरात ऊन येत नाही, म्हणून मागच्या अरुंद खोलीत रोपांसाठी कापडी तंबू उभा केला. दोन फूट लांब, दोन रुंद, पाच उंच. आत चकचकीत अस्तर, वर दिवा. दिव्याने आत भट्टी होते. पहिला पंखा तळहाताएवढा, नुसताच गुणगुणायचा. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, मोठा घ्या. लहान घेतलेले सगळे परत येतात." दुसरा न्हाणीघराला लावतात तसला. पाइपाला तीन वळणं द्यावी लागली, टोकाशी हवा फुंकरीएवढी. तिसरा इतका दांडगा, की तंबूने पोट आत ओढलं आणि कापड पानांना घासायला लागलं. पुन्हा गेलो. "मग आता लहान घ्या," म्हणाला. माझ्या तोंडून वाईट शब्द निघाला. या वयात शोभत नाही.

सध्या दुसराच लावलाय. त्यात गरम हवा सोडतो कुठे, तर त्याच खोलीत. खिडकी गंजून बसलीय. तीच हवा खालच्या झडपेतून पुन्हा आत येते.

पण सगळा दोष पंख्यांवर घालणं बरोबर नाही. त्याच खोलीत मी सकाळी जपाला बसतो. घरघरीत मन लागत नाही, म्हणून पंखा बंद करायचो. दिवा चालूच. गेल्या महिन्यात एकदा जप लांबला, घाईत तसाच कामावर गेलो. संध्याकाळी पाहिलं तर दोन रोपं माना टाकून पडलेली. ती उठली नाहीत. तुझी वहिनी म्हणाली, "देवाला पंख्याचा आवाज चालतो. तुम्हालाच चालत नाही." आता पंखा चालू ठेवूनच बसतो.

चार उरली आहेत.

तू म्हणशील, मिरचीच्या चार रोपांसाठी एवढा खटाटोप कशाला, बाजारात ढिगाने मिळतात. ही मिळत नाहीत. ही अण्णांची जांभळी मिरची आहे.

इथून पुढचं लिहायला दोन रविवार गेले. अण्णा गेले तेव्हा तू विचारलंस, "दादा, त्या मिरचीचं बी आहे का थोडं?" मी म्हणालो, उंदरांनी खाल्लं. बी माझ्या खिशात होतं, कागदाच्या पुडीत. वडिलांचं आजारपण मी एकट्याने काढलं आणि तू सगळं संपल्यावर आलास, याचा राग होता. वाटलं, एवढं तरी फक्त माझं असू दे. तू म्हणालास, "जाऊ दे, तू तरी काय करणार." मला ओरडला असतास तर बरं झालं असतं.

चार वर्षं पुडी तशीच ठेवली. लावलं नाही, दिलंही नाही. यंदा चाळीस बिया टाकल्या, सहा उगवल्या. पुडी संपली.

एवढ्याशा तंबूला केवढा पंखा हवा, पाइप कुठून बाहेर काढू, पानांना वारा किती लागू द्यायचा, मला कळत नाही. तुला कळतं. ते विचारायचं तर हे आधी सांगणं भाग होतं. पंख्यासाठी म्हणून कबूल करतोय असं तुला वाटलं, तर तेही सोसेन.

चार रोपांतली दोन तुझी आहेत. कोणती, ते तू येऊन ठरव. यायचं मन नसेल, तर पंख्याचं तेवढं एका ओळीत लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

तुझ्याशी खोटं बोललेला,
दादा